खाडीचा गाळ विषारी आहे का? अँफिपॉड चाचणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाडी, बंदर आणि किनाऱ्यालगतच्या गाळाची जिवंत प्राण्यांवर चाचणी घेणारे विद्यार्थी, प्रयोगशाळांत काम करणारे लोक आणि ड्रेजिंगचे (तळाचा गाळ उपसण्याचे) अहवाल ज्यांना वाचावे लागतात ते, अशा सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकडे मुख्यतः अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९४ मध्ये छापलेल्या दहा दिवसांच्या अँफिपॉड पद्धतीतले आहेत. त्यात गाळात अँफिपॉड नावाचे छोटे कवचधारी प्राणी सोडतात आणि दहा दिवसांनी किती जगले ते मोजतात. खाऱ्या पाण्यातल्या गाळासाठी जगभर बहुतेक ठिकाणी हीच पद्धत किंवा तिच्या जवळची एखादी वापरतात.

१. रासायनिक तपासणीत धातू, तेल, कीटकनाशकं सगळं कळतं. मग जिवंत प्राणी कशाला हवेत?

प्रयोगशाळा तेवढेच मोजते जेवढे तुम्ही तिला मोजायला सांगता. गाळात शेकडो पदार्थ असतात आणि यादीत वीस-तीसच असतात. शिवाय एखादा पदार्थ गाळात आहे म्हणजे तो प्राण्याच्या अंगात शिरतोच असे नाही. तांब्याचे उदाहरण घ्या. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि आजही वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शक पातळ्यांनुसार कोरड्या गाळात किलोमागे ३४ मिलिग्रॅमपर्यंत तांबे असेल तर अपाय क्वचित दिसतो आणि २७० च्या वर गेले तर बऱ्याचदा दिसतो. हे अंदाज आहेत, निकाल नव्हेत. सल्फाइडने भरलेल्या काळ्या गाळात २७० च्या वर तांबे असूनही प्राणी धडधाकट राहू शकतात, कारण तांबे सल्फाइडला घट्ट बांधलेले असते. उलट स्वच्छ दिसणाऱ्या रेताड गाळात त्याच्या निम्म्या तांब्यानेही प्राणी मरू शकतात. या दोन गाळांतला फरक प्राणी दाखवतो. म्हणून रसायन, जैविक चाचणी आणि त्या जागी प्रत्यक्ष राहणाऱ्या प्राण्यांची मोजणी या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून निष्कर्ष काढण्याची पद्धत १९८० च्या दशकात रूढ झाली.

२. अँफिपॉडच का? मासे किंवा कोळंबी का नाही?

मासा पोहून निघून जातो. अँफिपॉड काही मिलिमीटर लांबीचा, वाकड्या पाठीचा कवचधारी प्राणी आहे. तो गाळात बीळ करतो, तिथलेच खातो आणि तिथेच श्वास घेतो, त्यामुळे गाळातल्या विषाशी त्याचा संबंध थेट येतो. प्रदूषण वाढत जाते तसे गाळातल्या प्राण्यांमध्ये अँफिपॉड सहसा लवकर नाहीसे होतात. अमेरिकी पद्धतीत चार जाती आहेत: अँपेलिस्का अब्डिटा, लेप्टोकायरस प्लुम्युलोसस, ईओहॉस्टोरियस एस्च्युरियस आणि रेपॉक्सिनियस अब्रोनियस. युरोपात कोरोफियम व्होल्युटेटर ही जात वापरतात.

३. आपल्या कोकण किनाऱ्यावरचा अँफिपॉड वापरला तर चालेल का?

चालेल, पण आधी त्याची परीक्षा घ्यावी लागेल. नुसता खाडीतून चाळून आणला आणि बीकरमध्ये टाकला, एवढ्याने चाचणी होत नाही. जात एकच आहे याची खात्री हवी (दिसायला सारख्या जाती एकाच चिखलात सर्रास मिसळलेल्या असतात). ज्या स्वच्छ जागेवरून आणला तिथल्याच गाळात दहा दिवसांनी सरासरी ९० टक्के जिवंत राहायला हवेत. बारीक चिखलापासून रेतीपर्यंत आणि कमी-जास्त खारटपणात तो किती तग धरतो हे वेगळे तपासावे लागते. अंडी धरलेल्या माद्या वगळायच्या. आणि प्राण्यांची खेप नेहमीसारखी आहे का हे कळण्यासाठी कॅडमियम क्लोराइडची ९६ तासांची चाचणी, गाळ न घालता फक्त पाण्यात, प्रत्येक खेपेला लावायची.

वरच्या चारपैकी दोन जातींची चाचणी १५ अंश सेल्सियसला होते. कोकणच्या खाडीचे पाणी त्याहून खूप गरम असते, म्हणून त्या जातींचा निकाल आपल्याकडे जसाच्या तसा लावता येत नाही. २५ अंशांवर चालणारी लेप्टोकायरस आपल्या परिस्थितीला त्यातल्या त्यात जवळची. पण परदेशी जिवंत प्राणी आणून किनाऱ्याजवळच्या प्रयोगशाळेत वाढवणे ही जोखीम आहे. स्थानिक जातीवर वर्षभर मेहनत घेणे आम्हाला जास्त शहाणपणाचे वाटते.

४. गाळ कुठून, किती आणि कसा काढायचा?

वरचा दोन सेंटिमीटरचा थर घ्या. अलीकडे साचलेला गाळ तोच असतो आणि बहुतेक प्राणीही तिथेच राहतात. होडीतून घेत असाल तर व्हॅन व्हीन ग्रॅब (दोन जबड्यांनी तळाचा गाळ उचलणारे साधन) वापरा. ग्रॅब वर आल्यावर झाकणातून आत बघा. गाळावर पाणी उभे असेल आणि पृष्ठभाग शाबूत असेल तरच नमुना ठेवा. जबड्यात शिंपला किंवा दगड अडकून पाणी गळून गेले असेल तर सर्वांत बारीक आणि सर्वांत दूषित थर त्या पाण्याबरोबर गेलेला असतो. तो नमुना टाकून द्या. चालत जाऊन घ्यायचा असेल तर उधाणाच्या ओहोटीची वेळ साधा, कारण भांगाच्या ओहोटीला खालचा चिखल उघडाच पडत नाही.

चमचा स्टेनलेस स्टीलचा किंवा टेफ्लॉनचा असावा. ग्रॅबच्या पत्र्याला चिकटलेला गाळ घेऊ नका. एका नमुन्याला पाच बीकर, प्रत्येकी १७५ मिलिलिटर, म्हणजे ८७५ मिलिलिटर गाळ लागतो. अमोनिया मोजण्यासाठी एक-दोन जादा बीकर, कणांचा आकार आणि रासायनिक तपासणी धरली तर तीन लिटर आणा. बरणी काठोकाठ भरा, वर हवा ठेवू नका आणि बर्फात ठेवून न्या.

५. गाळ फ्रीजरमध्ये ठेवला तर चालेल का?

अजिबात नाही. गोठल्यावर कण आणि त्यांच्यामधले पाणी यांची रचना मोडते, गाळातले जीव फुटतात आणि धातूंचा आधीचा तोल बिघडतो. ४ अंशांवर अंधारात ठेवा. दोन आठवड्यांत चाचणी लावली तर उत्तम, आठ आठवडे ही शेवटची मर्यादा. बरणीत वर पाणी सुटलेले दिसले तर ते ओतून देऊ नका, ढवळून परत गाळात मिसळा. विरघळलेले विष त्याच पाण्यात असते.

६. गाळात आधीपासून असलेले प्राणी काढायचे की राहू द्यायचे?

काढायचे. एखादा मोठा पॉलिकीट कृमी किंवा छोटा खेकडा दहा दिवसांत तुमचे अँफिपॉड खाऊन टाकतो आणि अहवालात तो मृत्यू विषाच्या नावावर जमा होतो. गाळातच आधीपासून अँफिपॉड असतील तर शेवटी वीसच्या जागी तेवीस मोजले जातात. शक्यतो पसरट ट्रेमध्ये गाळ घेऊन चिमट्याने वेचा. फारच जीव असतील तर एक-दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळ दाबून काढा. वरून पाणी मात्र ओतायचे नाही, कारण पाण्याने चाळलेल्या गाळातले बारीक कण आणि त्यांना चिकटलेले विष वाहून जाते. चाळणी वापरली असेल तर कंट्रोलचा गाळही (तुलनेसाठी सोबत लावलेला स्वच्छ गाळ) त्याच चाळणीतून काढा.

७. चाचणी प्रत्यक्ष लावायची कशी?

आदल्या दिवशी गाळ रंग एकसारखा होईपर्यंत घोटा. एक लिटरच्या काचेच्या बीकरमध्ये १७५ मिलिलिटर घाला, म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटरचा थर होतो. बीकरचे बूड हातावर हलके आपटून हवेचे बुडबुडे काढा. वर ठरलेल्या खारटपणाचे पाणी सुमारे ८०० मिलिलिटर, पण थेट नाही. गाळावर प्लास्टिकची गोल चकती ठेवा आणि तिच्यावर हळू धार सोडा. धार जोरात पडली तर गाळ उकळल्यासारखा वर येतो आणि रात्रभर पाणी गढूळ राहते. हवेच्या नळीचे टोक गाळापासून किमान दोन सेंटिमीटर वर असावे आणि बुडबुडे संथ यावेत.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक बीकरमध्ये वीस अँफिपॉड सोडा. आधी ते वेगळ्या वाटीत मोजून घ्या आणि दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्या. शेवटच्या हिशेबातली निम्मी भांडणे या एका मोजणीने मिटतात. लेप्टोकायरस २ ते ४ मिलिमीटर, बाकीच्या तीन जाती ३ ते ५ मिलिमीटरच्या घ्या. सोडल्यावर काही जण पाण्याच्या पृष्ठभागावर अडकून तरंगतात; त्यांच्यावर ड्रॉपरने दोन थेंब टाकले की ते बुडतात. निरोगी अँफिपॉड तळाशी पोचताच शेपटीकडून गाळ उडवत आत शिरतो आणि मागे बारीक खळगा तेवढा उरतो. तासाभरात जे शिरले नाहीत ते बदला. पण एखाद्या नमुन्यात सगळेच वर येऊन फिरत असतील तर ते बदलू नका, नोंदवा. गाळ टाळणे हाही निकालच आहे.

८. दहा दिवस उपाशी ठेवायचे? आणि दिवा रात्रभर चालू का?

दहा दिवसांच्या चाचणीत खाणे देत नाहीत. खाणे कुजून अमोनिया वाढवते आणि त्याचे कण सेंद्रिय विष शोषून घेतात. दिवा सतत चालू ठेवायचा, कारण अंधारात अँफिपॉड गाळातून वर येऊन पोहतात आणि त्यांचा गाळाशी संबंध कमी होतो.

९. अमोनियाबद्दल सगळे एवढे का बोलतात?

कारण खोटा निकाल देण्यात अमोनियाचा हात सगळ्यात मोठा आहे. मैला, मासळीचा कचरा, तिवरांचा पाला गाळात कुजला की अमोनिया तयार होतो. खाडीत दिवसातून दोनदा भरती येऊन वरचे पाणी बदलते. बीकरमधले पाणी तेच राहते. तिथे अमोनिया साचतो, प्राणी मरतात आणि अहवाल म्हणतो की गाळात धातूंचे विष आहे.

एकूण अमोनियाचा आकडा एकटा पुरत नाही. प्राण्याला मुख्यतः मारतो तो आयन न झालेला अमोनिया, आणि त्याचे प्रमाण सामूवर, म्हणजे पीएचवर अवलंबून असते. पीएच ७ वरून ८ वर गेला की हे प्रमाण जवळपास दहापट होते. म्हणून हवा जोरात सोडणे धोक्याचे आहे: पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तेवढाच अमोनिया जास्त घातक होतो.

चाचणी लावण्याआधी जादा बीकरमधला गाळ सेंट्रिफ्यूज करून कणांमधल्या पाण्यातला अमोनिया मोजा, पीएच आणि तापमानही त्याच वेळी. पीएच ७.७ च्या आसपास अँपेलिस्का आणि रेपॉक्सिनियससाठी एकूण अमोनिया लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवा, लेप्टोकायरस आणि ईओहॉस्टोरियससाठी ६० च्या आत. जास्त निघाला तर प्राणी न सोडता वरचे पाणी रोज दोनदा बदला आणि पातळी उतरल्यावरच चाचणी सुरू करा. कंट्रोलचे पाणीही तसेच बदला. याची किंमत आहे: पाण्याबरोबर विरघळणारे इतर विषही थोडे निघून जाते. किती वेळा पाणी बदलले हे अहवालात लिहिलेच पाहिजे.

आणि एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. खाडीत सांडपाणी सोडल्यामुळे अमोनिया वाढला असेल तर तो “गोंधळ घालणारा घटक” म्हणून बाजूला सारू नका. तिथल्या प्राण्यांसाठी तो खरा विषारी घटक आहे. चाचणीचा हेतू धातूंपुरता असेल तर तसे लिहा, पण अमोनियाचा आकडा झाकू नका.

१०. गाळ काळा आहे आणि कुजक्या अंड्याचा वास येतो. चाचणी घ्यावी का?

घ्यावी. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. मोकळे सल्फाइड प्राण्यांना मारते, पण रात्रभर हवा सोडल्यावर वरच्या पाण्यातले बरेचसे निघून जाते. घन सल्फाइड मात्र उपकारक आहे: कॅडमियम, तांबे, निकेल, शिसे, जस्त यांना ते बांधून ठेवते. गाळातले आम्लाने सुटणारे सल्फाइड या धातूंच्या एकत्रित प्रमाणापेक्षा (वजनाने नव्हे, मोलने) जास्त असेल तर या धातूंनी प्राणी मरण्याची शक्यता फार कमी. म्हणूनच असा गाळ ट्रेमध्ये तासन्‌तास उघडा ठेवू नये. काळा रंग करडा-तपकिरी व्हायला लागला म्हणजे सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होऊन धातू सुटायला लागले आहेत.

११. कंट्रोलमध्येच प्राणी मेले. निकाल वाचवता येईल का?

नाही. कंट्रोलची सरासरी ९० टक्क्यांखाली गेली की ती पूर्ण खेप बाद, बाकीचे आकडे कितीही सुंदर असोत. नेहमीची कारणे: प्रवासात प्राणी तापणे, नव्या पाण्यात एकदम टाकणे (खारटपणा आणि तापमान टप्प्याटप्प्याने बदला), नवीन प्लास्टिकच्या नळ्या न धुता वापरणे, एखाद्या बीकरची हवा रात्री बंद पडणे. पाण्यातला प्राणवायू संपृक्ततेच्या ६० टक्क्यांच्या खाली जाऊ नये. कॅडमियमच्या चाचणीचा निकाल मागच्या वीस खेपांच्या सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांच्या बाहेर गेला असेल तर प्राण्यांचा लॉटच संशयास्पद समजा.

१२. रेताड गाळात जास्त मेले. म्हणजे रेती विषारी?

आधी जात तपासा. अँपेलिस्का नळी बांधून राहते, तिला जवळजवळ शुद्ध रेती मानवत नाही. रेपॉक्सिनियसचे उलट: अतिशय बारीक चिखलात विष नसतानाही त्यातले काही मरतात. ईओहॉस्टोरियस आणि लेप्टोकायरस दोन्हीकडे बऱ्यापैकी जगतात. उपाय एकच आहे. कंट्रोलशिवाय एक संदर्भ गाळ घ्या, जो नमुन्याइतकाच बारीक किंवा भरड आहे पण प्रदूषणापासून दूरचा आहे. खारटपणाचेही तसेच. पावसाळ्यात खाडीच्या वरच्या टोकाचा गाळ जवळपास गोडा असतो; वर दर हजारी २८ खारटपणाचे पाणी घातले तरी कणांमधले पाणी लगेच बदलत नाही.

१३. दहाव्या दिवशी वीसपैकी सोळाच सापडले, मेलेला एकही नाही. उरलेले चार कुठे गेले?

मेले. अँफिपॉड मेल्यावर काही दिवसांत विरघळतो किंवा बाकीचे त्याला खातात, म्हणून न सापडलेला प्राणी मेलेला धरतात. पण आधी नीट शोधा. अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर गाळ थोडा थोडा घेऊन हलक्या पाण्याने धुवा. अँपेलिस्काच्या नळ्या चाळणीवर मऊ, मातकट काड्यांसारख्या राहतात. प्रत्येक नळी चिमट्याने उकलून बघा, जिवंत प्राणी आत दडून बसलेला असतो. निपचित पडलेल्याला हळूच टोचा. पाय किंचितही हलले तर जिवंत. चाळणाऱ्याची परीक्षा घ्यायची असेल तर त्याला न सांगता गाळात मोजून वीस प्राणी सोडा आणि तासाभराने त्याला चाळायला द्या.

१४. किती मेले म्हणजे गाळ “विषारी” म्हणायचा?

दोन अटी एकत्र लावतात: कंट्रोलपेक्षा फरक सांख्यिकीय कसोटीला उतरला पाहिजे, आणि तो पुरेसा मोठाही हवा, म्हणजे जगण्याचे प्रमाण कंट्रोलच्या ८० टक्क्यांखाली हवे. समजा कंट्रोलच्या पाच बीकरांत १९, २०, १८, १९, २० उरले, म्हणजे ९६ टक्के. नमुन्यात १५, १४, १६, १३, १५, म्हणजे ७३ टक्के. ७३ भागिले ९६ म्हणजे ७६ टक्के. गाळ विषारी. नमुन्यात ८० टक्के उरले असते तर गुणोत्तर ८३ आले असते. फरक कसोटीला उतरूनही असा गाळ बहुतेक वेळा विषारी ठरवत नाहीत.

इथे एक चूक सतत दिसते. पाच बीकर एकाच बादलीतून भरले असतील तर त्यांचा निकाल त्या बादलीपुरता. “या खाडीचा गाळ विषारी आहे” असे म्हणायचे असेल तर खाडीत वेगवेगळ्या ठिकाणी नमुने घ्यायला हवेत.

१५. दहा दिवसांत कोणी मेले नाही. गाळ सुरक्षित?

फक्त तातडीने मारणारा नाही. लेप्टोकायरसची २८ दिवसांची चाचणी पिल्लांपासून सुरू होते आणि वाढ, पिल्लांची संख्या हेही मोजते. त्यात खाणे देतात, आठवड्यातून तीनदा पाणी बदलतात आणि कंट्रोलची अट ८० टक्के असते. खर्च आणि श्रम कितीतरी जास्त, पण सौम्य विष तिथेच दिसते.

१६. कालवांच्या किंवा समुद्री अर्चिनच्या अळ्यांवर चाचणी कधी घ्यायची?

ड्रेजिंगचा गाळ समुद्रात टाकायचा असेल आणि टाकताना पाणी गढूळ होऊन काय होईल हा प्रश्न असेल तेव्हा. एक भाग गाळ आणि चार भाग समुद्राचे पाणी अर्धा तास ढवळतात, तासभर निवळू देतात आणि वरच्या पाण्यात फलित अंडी ४८ तास ठेवतात. नीट वाढलेल्या अळ्या किती हे मोजतात. अळ्या अमोनियाला अँफिपॉडपेक्षा खूपच नाजूक असतात, म्हणून प्रश्न ९ इथे दुप्पट लागू होतो. चमकणाऱ्या जिवाणूंची चाचणी अर्ध्या तासात होते. ती कुठे जास्त नमुने घ्यायचे हे ठरवायला चांगली, निवाडा करायला नाही.

१७. गाळ विषारी निघाला. कशामुळे ते कसे कळणार?

गाळाचे भाग करून प्रत्येकात एकेका गटाचे विष बांधून टाकतात आणि चाचणी पुन्हा घेतात. नारळाच्या करवंटीच्या कोळशाची पूड सेंद्रिय विष ओढून घेते, आयन बदलणारे रेझिन धातू घेते, उल्वा हे हिरवे समुद्रशैवाल अमोनिया शोषते. कोळसा घातल्यावर प्राणी जगले तर तेल, कीटकनाशके यांच्याकडे बोट जाते. स्वच्छ गाळातही तेवढाच कोळसा आणि रेझिन घालून बघायला विसरू नका. कधी कधी उपायानेच प्राणी मरतात.

१८. गाळ चाचणीत पास झाला. तिथल्या तिसऱ्या (शिंपल्या), कालवं खाल्ली तर चालतील?

या चाचणीवरून ते सांगता येत नाही. पारा, डीडीटी, पीसीबी अँफिपॉडला दहा दिवसांत न मारताही शिंपल्याच्या मांसात साठत जातात. त्यासाठी प्राणी २८ दिवस गाळावर ठेवून मांस तपासण्याची वेगळी चाचणी असते. खाण्याचा प्रश्न असेल तर बाजारात येणाऱ्या तिसऱ्यांचेच मांस तपासा, मैल्याचे जिवाणूही.

१९. गोदीजवळचा गाळ अँफिपॉडना चालतो, पण तिथल्या गोगलगाईंमध्ये बिघाड दिसतो. असे कसे?

जहाजांच्या जुन्या रंगातल्या ट्रायब्युटिल टिनचा संशय घ्या. काही समुद्री गोगलगाईंच्या माद्यांना लिटरला एखाद्या नॅनोग्रॅमने नराचे अवयव फुटायला लागतात. तेवढ्याने अँफिपॉडचे काही बिघडत नाही. असे रंग बंद करणारा आंतरराष्ट्रीय करार १७ सप्टेंबर २००८ पासून लागू आहे, पण गोदीच्या गाळात खरवडलेल्या रंगाचे कपटे अजून सापडतात आणि गाळ उकरला की नव्याने पाण्यात येतात. तिथे अँफिपॉडसोबत गोगलगाईंची पाहणी हवीच.

२०. त्याच जागेचा गाळ मे महिन्यात विषारी आणि ऑक्टोबरमध्ये बरा निघाला. कोणता निकाल खरा?

दोन्ही खरे असू शकतात. पावसाळ्यात नदीच्या पुराने वरचा थर वाहून जातो किंवा त्यावर नवी माती बसते, आणि तुम्ही वरचे दोन सेंटिमीटरच घेता. उन्हाळ्यात पाणी तापलेले, कुजणे वेगवान, अमोनिया चढा. तुलना करण्याआधी दोन्ही वेळचा कणांचा आकार, सेंद्रिय कार्बन, अमोनिया आणि कंट्रोलचे आकडे शेजारी ठेवा. ऑक्टोबरचा गाळ भरड निघाला तर तो वेगळाच गाळ आहे. जुना खाली दबला आहे का हे कोअर (नळीने घेतलेला उभा नमुना) काढून बघा, विशेषतः तिथे ड्रेजिंग होणार असेल तर.